शेपटाकडची आठ शेते

१९८१ च्या ऑक्टोबरात, शपथेवर साक्ष देताना, ओनेसिमो व्हियालपांदोला सान इसिद्रोचे पाणी आठवले नव्हते, की आठवूनही त्याने ते सांगितले नाही? लास मोरास या त्याच्या डोंगराळ गावात या प्रश्नाची उत्तरे अनेकांनी दिली आणि खुद्द ओनेसिमोने निदान तीन वेळा वेगवेगळी दिली. त्यांतले कोणते खरे मानावे, हे लिहिणाऱ्याला ठरवता आलेले नाही.

ओनेसिमो पाटकरी होता. तिकडे पाटकऱ्याला मायोर्दोमो म्हणतात. दर मार्चमध्ये, पाटाच्या सफाईच्या आदल्या दिवशी, सगळे खातेदार शाळेच्या खोलीत जमून त्याची निवड करत, आणि ओनेसिमोला त्यांनी १९६० पासून दरवर्षी निवडले होते. पाट म्हणजे ओढ्यावरच्या दगडी बंधाऱ्यापासून निघून टेकडीच्या कुशीने चार मैल गेलेला मातीचा चर. त्यावर तेहेतीस शेते. पंचवीस देवळाच्या वरच्या अंगाला आणि आठ देवळापलीकडे, ज्याला सगळे शेपूट म्हणत त्या भागात. कोणाची पाळी केव्हा, कोणाचे दार किती वेळ उघडे ठेवायचे, कोणाचा घेवडा आधी भिजेल आणि कोणाचे गवत नंतर, हे पाटकरी ठरवी. त्याच्या हाताशी ना शिपाई होता ना दंडाची पावती. ‘तुझी पाळी झाली’ एवढे त्याने म्हटले, की माणूस फावडे खांद्यावर टाकून घरची वाट धरी. पाण्याविषयी पाटकऱ्याने सांगितलेले खोटे निघाले, तर त्याच दिवशी पाटावर तेहेतीस पाटकरी होतील, असे ओनेसिमोचा बाप म्हणे. तोही पाटकरीच होता.

बापाने मरताना जमीन दोघा मुलांत वाटली. ओनेसिमोला वरच्या अंगाची सात एकर मिळाली, आणि त्याच्याहून पाच वर्षांनी लहान असलेल्या एउफेलियाला शेपटाकडची सहा. वाटणी न्याय्य होती, कारण खालची माती काळी आणि कसदार होती. तिथली जर्दाळूची झाडे दोन्ही घरांना पुरत. फक्त तिथवर पाणी पोचायला हवे. देवळापाशी पाट अर्धा मैल वाळूतून जातो आणि पाणी बेताचे असले, की त्यातले निम्मे ती वाळूच पिऊन टाकते.

१९७१ च्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडले नाही, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे पाणी आधीच गेलेले होते. मार्चच्या सभेत ओनेसिमो उभा राहिला. तो बुटका होता, आणि सभेत बोलताना टोपी काढून छातीशी धरण्याची त्याला सवय होती.

“खालपर्यंत पाणी न्यायचं म्हणजे वाळूला दूध पाजायचं,” तो म्हणाला. “यंदा पाणी देवळाच्या वरच ठेवू. वरच्या पंचवीस शेतांत घेवडा आणि मका पेरू, आणि येईल ते तेहेतीस घरांनी खाऊ. बर्फ परतलं की शेपटाची पाळी पहिली.”

पाटाच्या तीन पंचांतला वडील पंच प्रोकोपियो माएस बाकावर रेलून ऐकत होता. “आणि वरच्यांनी खालच्यांना उपाशी मारलं तर?” त्याने विचारले.

“तुझं पोट पाहून कोण म्हणेल, की तू पंच असताना गावात कोणी उपाशी राहिलं?”

खोली हसली. प्रोकोपियोही हसला आणि त्याने पोटावरून हात फिरवला. हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरून एउफेलिया उठली. नवरा खाणीत वारल्यापासून तिच्या शेताच्या वतीने सभेत तीच बोलत असे.

“मानो,” ती म्हणाली. थोरल्या भावाला तिकडे असेच म्हणतात. “माझं शेत वाळलं तर वाळू दे. पण पाटावरचं माझं नाव वाळायला नको.”

“नाव कसं वाळेल? पाट एक आहे. माझ्या वाफ्यात जिरलं तरी ते तुझंच पाणी जिरलं.”

हे त्याने तिची समजूत काढण्यापुरते म्हटले नव्हते. त्याच्या बापाची आणि आज्याची समजूत हीच होती. आणि त्या खोलीतल्या एकालाही तीत खोट दिसली नाही. पाटावरच्या कुठल्याही दाराने घेतलेले पाणी हे सगळ्या पाटाने घेतलेले पाणी. शेपटाकडच्या आठही जणांनी हात वर केले. कागदावर काही लिहिले गेले नाही, कारण अशा गोष्टी लिहायच्या म्हणजे शेजाऱ्याच्या शब्दावर संशय घेण्यासारखे होते.

बर्फ एका वर्षात परतले नाही. १९७२ पासून १९७८ पर्यंत, सात उन्हाळे, शेपटाची पाळी लागली नाही. ठरलेला शब्द मात्र वरच्यांनी पाळला. दर ऑक्टोबरात घेवड्याची आणि वाळवलेल्या मक्याची पोती खालच्या आठ घरांच्या ओट्यावर येऊन पडत, कोणी मागायच्या आत. खालचेही दर मार्चमध्ये फावडी घेऊन सफाईला येत आणि ज्या पाटातून आपल्याला पाणी मिळणार नाही, त्याचा गाळ उपसत. कोणी त्यांना उपकारकर्ते म्हटले नाही. तशी रीतच होती.

आणखी एक रीत होती, आणि सगळा प्रश्न तिच्याशी येऊन थांबतो. पंधरा मे हा सान इसिद्रोचा, शेतकऱ्यांच्या संताचा दिवस. त्या सकाळी त्याची लाकडी मूर्ती बंधाऱ्यापाशी नेत, तिच्यामागून पाटाचे मुख्य दार उघडत, आणि मूर्ती पाटाच्या काठाने शेवटच्या शेतापर्यंत चाले. पाणी तिच्या मागोमाग, माणसाच्या चालीने. त्या दिवशी कोणी दार फिरवायचे नाही, कोणी फावडे लावायचे नाही; पाणी संताचे. पाटाच्या टोकाशी काठ बसका होता, तिथून ते आपल्या मर्जीने उतरून शेपटाकडच्या शेतांत पसरे आणि उरलेले ओहोळाला जाई. त्या सात कोरड्या वर्षांतही ओनेसिमोने हा दिवस चुकवला नाही. आदल्या तीन रात्री बंधाऱ्यात पाणी अडवून ठेवायचे आणि वाळूला तिचा वाटा देऊनही टोकाला पोचेल एवढे साठवायचे, ही त्याची कामगिरी. सातही वर्षे ते पोचले.

१९७७ च्या जूनमध्ये राजधानीतल्या पाणी खात्याची आठ पत्रे आली. एउफेलिया आपले पत्र घेऊन पाटावर आली तेव्हा ओनेसिमो काठाला पडलेले घुशीचे बीळ बुजवत होता. जुना लोकरी सदरा आत कोंबून त्यावर गवताची ढेप ठोकायची, असा त्याचा उपाय होता, आणि सदऱ्यांसाठी तो गावभर मागणी करत फिरे.

“तुझ्या नवऱ्याचे सदरे संपले का?” त्याने मान वर न करता विचारले.

“संपले. माणूसही संपला. हे वाच.”

पत्रात लिहिले होते, की या जमिनीवर चार वर्षांहून अधिक काळ पाण्याचा उपयोग झालेला दिसत नाही. एका वर्षाच्या आत उपयोग सुरू झाला नाही, तर हक्क संपुष्टात येईल. ओनेसिमोने ते दोनदा वाचले.

“उपयोग झाला नाही म्हणे,” तो म्हणाला. “तू खाल्लेला घेवडा काय आकाशातून पडला?”

“ते त्यांना सांग. पण पुढच्या वर्षी एकदा तरी पाळी सोड रे मानो. एकदाच. शेत भिजल्यासारखं दिसू दे.”

“डोंगर बघ. बर्फाचा ठिपका तरी आहे का? एक पाळी खाली सोडायची म्हणजे वरच्या पाच शेतांचा घेवडा करपला. कागदाला दाखवायला पाणी वाळूत घालवू? तो घेवडा तूच खातेस.”

“मी कमी खाईन.”

“आणि बाकीचे सात?”

तिने पत्राची घडी घातली. “मग तू म्हणतोस ते खरं ना? काही होणार नाही?”

“पाण्याचं मी सांगतोय, एउफेलिया.”

एवढ्यावर ती परत गेली. इतर सात घरांनाही त्याने हेच सांगितले, आणि तीही निवांत झाली. पाटकऱ्याचा शब्द होता. ती आठ पत्रे ओनेसिमोने एकत्र करून, पाटाचे पाणी वापरात आहे अशा अर्थाचा जबाब शाळेच्या मास्तरणीकडून लिहवून, प्रोकोपियोच्या सहीने धाडून दिला. उलट उत्तर आले नाही, म्हणून तो मान्य झाला असे सगळ्यांनी धरले.

१९७९ मध्ये बर्फ परतले आणि शेपटाची पाळी, कबूल केल्याप्रमाणे, पहिली लागली. एउफेलियाच्या जर्दाळूंपैकी चार झाडे जगली होती. पुढच्याच वर्षी डोंगरातल्या एका विश्रामधामाच्या कंपनीने खात्याकडे अर्ज केला. बर्फावर घसरण्याचे खेळ तिथे चालत, आणि निसर्गाने बर्फ दिले नाही तर ते यंत्राने पाडायचे होते. त्यासाठी ओढ्याचे पाणी हवे होते. ओढ्यात नवे पाणी द्यायला शिल्लक नव्हते. कुणाचा तरी जुना हक्क सुटल्याशिवाय नवा मिळणार नव्हता, आणि लास मोरासच्या पाटावरचे आठ हक्क सुटलेलेच आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते.

सुनावणीच्या आदल्या दुपारी प्रोकोपियोच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पोसोलेचे पातेले मध्ये ठेवून चौघे बसले: प्रोकोपियो, ओनेसिमो, एउफेलिया आणि पाटाचा वकील आमारान्ते ताफोया. आमारान्ते शेजारच्या खोऱ्यातला, जेमतेम तिशीचा, आणि हे काम तो फुकट करत होता.

“तिओ, ते विचारतील, त्या सात वर्षांत पाणी दिलंत का,” तो म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाला काका म्हणायची त्याची रीत प्रोकोपियोला आवडली होती. “तुम्ही म्हणायचं, आठवत नाही. इतकंच. सात वर्षांचं कोणाला आठवतं?”

“मला आठवतं.”

“माहीत आहे. म्हणून तर सांगतोय.”

“या माणसाला चौसष्ट सालच्या जुलैतल्या पाळ्या विचार,” प्रोकोपियो म्हणाला. “बायकोचा वाढदिवस मात्र ती मरेपर्यंत आठवला नाही.”

“पाण्याचं आठवत नाही म्हणालो,” ओनेसिमो म्हणाला, “तर मार्चमध्ये मी कोणाला सांगू, तुझी पाळी झाली म्हणून? खरं काय झालं ते सांगू. पाणी वाया गेलं नाही, वर ठेवलं, सगळ्यांनी खाल्लं. यात लपवायचं काय?”

“कायद्याला वर आणि खाली कळतं तिओ, सगळे कळत नाही.”

“मग कोणीतरी त्याला सांगायला हवं.”

एउफेलियाने भावाच्या ताटलीत आणखी पोसोले वाढले. “सांग बाबा,” ती म्हणाली. “पण माझं शेत जाईल असं काही सांगू नकोस. मला तेवढंच आहे.”

सुनावणी जिल्ह्याच्या गावी, कोर्टाच्या लहान खोलीत झाली. प्रोकोपियोला जुन्या सनदा आणि पाटाच्या वयाविषयी विचारले गेले आणि तो उतरला. मग ओनेसिमो. कंपनीचा वकील सभ्य माणूस होता. त्याने आवाज एकदाही चढवला नाही.

“१९७२ ते १९७८ या काळात देवळाखालच्या आठ शेतांना तुम्ही पाण्याची पाळी दिलीत का?”

“नाही.”

“एकदाही?”

“पाळी एकदाही दिली नाही. आम्ही असं ठरवलं होतं—” आणि तो सांगू लागला: वाळू, घेवडा, पोती, आठ जणांनी वर केलेले हात. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला पुरे बोलू दिले. बोलणे संपल्यावर त्याने विचारले, की या ठरावाचा काही लेख आहे का. ओनेसिमो म्हणाला, लेख कशाला, त्या खोलीतली बहुतेक माणसे मागच्या बाकांवर बसलेली आहेत. अधिकाऱ्याने त्या दिशेला पाहिले आणि काहीतरी टिपले.

मग आमारान्ते उठला. त्याच्या खोऱ्यातली मूर्ती देवळाबाहेर पडत नसे. तिकडे सान इसिद्रोला देवळात मिस्साची प्रार्थना आणि वर फटाके एवढेच चाले. लास मोरासच्या रिवाजाची त्याला कल्पना नव्हती. तरीही, वकिली सवयीने असेल, त्याने नेमके तेच विचारले.

“पाळी सोडून आणखी कोणत्या प्रकारे त्या शेतांत पाणी गेलं होतं का, सेन्योर व्हियालपांदो?”

ओनेसिमो गप्प राहिला. ही शांतता किती लांबली, यावरही पुढे गावात वाद झाले. मागच्या बाकावर एउफेलिया अर्धवट उठली होती, एवढे मात्र सगळ्यांनी पाहिले. तिच्या ओठांवर उत्तर होते. अधिकाऱ्याने तिला बसायला सांगितले. साक्षीदारांची यादी बंद झाली होती.

“पाटकरी मी आहे,” ओनेसिमो शेवटी म्हणाला. “माझ्या हाताने जे दिलं, ते मी सांगितलं.”

परतताना प्रोकोपियोच्या ट्रकमध्ये तिघे एका ओळीत बसले होते, एउफेलिया मध्ये. गाडी घाट चढू लागली.

“सान इसिद्रोचं पाणी,” ती म्हणाली.

ओनेसिमो बाहेर पाहत होता.

“दरवर्षी माझं शेत घोट्यापर्यंत भिजायचं. मी चपला हातात घेऊन उभी राहायची त्यात. सात वर्षं. तू स्वतः पाठवलंस ते.”

“त्यांनी ते विचारलं नाही.”

“विचारलं. आपल्याच पोराने विचारलं.”

“एउफेलिया,” प्रोकोपियो म्हणाला, “घाट संपू दे.”

“तू गाडी चालव. मानो, तुझं शेत दर उन्हाळ्याला हिरवं होतं. माझं वाळलं. आणि आज तू खरं बोललास. खरं बोलायला तुला परवडतं.”

आपण वरच्या अंगाचे आहोत, हे सभेत हात वर करायला सांगताना ओनेसिमोच्या मनातही आले नव्हते; आता ते इतरांच्या मनात येणार, आणि तेथून कधी जाणार नाही, हे त्याला देवळाचा मनोरा दिसायच्या आत कळले.

आमारान्तेला दुसऱ्या दिवशी ही हकिकत समजली तेव्हा तो बराच वेळ डोके धरून बसला. नोंद बंद झाली होती. वर दाद मागता येईल, पण तिथे नवी साक्ष घेत नाहीत. वर्षातला एक दिवस, तोही कोणी दार न फिरवता उतरलेले पाणी, याला कायदा उपयोग म्हणेल की नाही, हे त्याला सांगता येईना. “म्हणेलही,” तो म्हणाला. “अर्धी आशा होती. आता तीही नाही.”

ओनेसिमोने पुढे पाद्रीबाबांना सांगितले, की त्या क्षणी ते पाणी त्याच्या ध्यानातच आले नाही. प्रोकोपियोला सांगितले, की संताचे पाणी संताचे. त्याला कोर्टात साक्षीला ओढणारा मी कोण? एकटा असताना तो क्षण आठवायचा त्याने अनेकदा प्रयत्न केला. त्याला फक्त अधिकाऱ्यासमोरचा पाण्याचा पेला दिसे, आणि तो अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला होता हे आठवे. त्यापलीकडे त्याची स्मृती जात नसे. चौसष्ट सालच्या पाळ्या आठवणारी ती स्मृती.

निकाल १९८२ च्या फेब्रुवारीत आला. आठ हक्क अनुपयोगामुळे संपुष्टात आले होते.

मार्चमध्ये सफाई होती. सफाईच्या सकाळी पाटकरी एक काठी घेऊन पाटातून चालतो आणि प्रत्येक माणसासमोर आडवी रेघ ओढून त्याच्या वाट्याची लांबी मोजून देतो. रेघ ओढली, की तो माणूस खणायला लागतो. शेपटाकडची सात घरे आली नाहीत. ज्याला पाणी नाही त्याच्यावर श्रमही नाहीत, हा पाटाचा जुना नियमच होता. एउफेलिया आली. नवऱ्याचे फावडे घेऊन ती बत्तिसावी, आपल्या नेहमीच्या जागी, दोन रिकाम्या जागांच्या मध्ये उभी राहिली.

प्रोकोपियो तिच्याकडे गेला. “कोमाद्रे, घरी जा,” तो हलक्या आवाजात म्हणाला. ती त्याच्या धाकट्या मुलीची धर्ममाता होती. “इथे आता तुझं काही नाही.”

“ते पाटकऱ्याला सांगू दे.”

ओनेसिमो काठी घेऊन येत होता. रेघ, माणूस, रेघ, माणूस. पंचविसाव्या जागेनंतर मोकळी जागा सुरू झाली. तो चालत राहिला. एउफेलियासमोर तो थांबला आणि काठीचे टोक त्याने जमिनीला टेकवले. वर ओळीतल्या सगळ्यांनी फावडी थांबवून पाहिले. रेघ ओढली असती, तर ती पाटाची खातेदार आहे असे पाटकऱ्याने म्हटल्यासारखे झाले असते, आणि ते खरे नव्हते. त्याने काठी उचलली आणि तो पुढे गेला.

एउफेलिया दुपारपर्यंत तिथेच उभी होती. कोणी तिला फावडे मारताना पाहिले नाही.

त्या मे महिन्यात मूर्ती देवळापाशी थांबली आणि तिथूनच परत फिरली. हक्क नसलेल्या जमिनीवर पाणी सोडणे आता गुन्हा होता. मूर्ती अर्ध्या वाटेवरून परत न्यायची कशी, याची कोणाला सवय नव्हती. माणसे वळताना एकमेकांच्या अंगावर आली.

पुढच्या सभेत गावाने ओनेसिमोला काढले नाही. कोणी दुसरे नावच सुचवले नाही, आणि ही गोष्ट काढून टाकण्यापेक्षा त्याला अधिक लागली. त्याने स्वतःच टोपी छातीशी धरून नकार दिला. त्यानंतर पाटावर भांडणे वाढली. पाळ्या चोरल्या जाऊ लागल्या, आणि नव्या पाटकऱ्याला दाराला कुलपे लावावी लागली. खालच्या आठांपैकी पाच शेते दोन-तीन वर्षांत विकली गेली. तिथे चामिसाची झुडपे माजली आणि नंतर चाकांवरची घरे आली. एउफेलियाने विकले नाही. ती पावसावर थोडा मका घेई, तो बहुधा गुडघ्याएवढा होऊन वाळे. शेवटचे जर्दाळूचे झाड तिने १९८६ मध्ये सरपणासाठी तोडले. भावाशी ती अगदी बोलणे टाकून होती असे नाही. ती मीठ, तेल, औषध एवढ्यापुरते बोले, आणि त्याला ‘मानो’ न म्हणता ‘तुम्ही’ म्हणे.

ओनेसिमो राजधानीला जाऊ लागला. आमारान्तेने वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या पाटांची एक संघटना उभी केली होती, आणि पाटाचे पाणी पाटाकडे राहील असा कायदा व्हावा म्हणून ती विधिमंडळाच्या समित्यांपुढे जाई. पहाटेची बस पकडून, डब्यात चाकवतासारख्या केलिते भाजीची तोर्तिया घेऊन, ओनेसिमो बारा वर्षे या समित्यांपुढे बसला. आपली चूक तो तिथे पुन्हा पुन्हा सांगे. मी आठ घरांना शब्द दिला आणि ती बुडाली, अशी त्याची सुरुवात असे. सभासद ऐकत, काहींना ते इतके पाठ झाले, की तो खुर्चीवर बसताच ते घड्याळाकडे पाहत.

मसुद्यात एका जागी लिहिले होते, की ‘मालकाने विसाव्याला ठेवलेले पाणी’, म्हणजे काही काळ न वापरता राखलेले, बुडीत धरू नये. ओनेसिमोने त्यावर बोट ठेवले.

“मालकाने नाही. पाटाने.”

“तिओ, फरक काय पडतो?” आमारान्तेने विचारले. तो आता चाळिशीकडे झुकला होता आणि त्याला हा मसुदा कसाही एकदाचा पुढे न्यायचा होता.

“माझ्या बहिणीने पाणी विसाव्याला ठेवलं नव्हतं. ते पाटाने ठेवलं. तिने फक्त हात वर केला.”

शब्द बदलला गेला. मसुदा त्या वर्षी मंजूर झाला नाही, आणि नंतरच्या चार वर्षांतही नाही. गावात मात्र या फेऱ्यांचे कोणाला अप्रूप नव्हते. “राजधानीत तू मोठा माणूस झालास म्हणे,” प्रोकोपियो त्याला एकदा दुकानापाशी म्हणाला. “तिथे भरपूर बोलतोस. एकदा गप्प बसलास ते नेमकं चुकीच्या खोलीत.” तो थट्टेत म्हणाला होता, पण हसला नाही.

१९९५ च्या शरदात एउफेलियाला दम लागू लागला आणि ती अंथरुणाला खिळली. ओनेसिमो रोज तिच्या घरी जाऊन चूल पेटवून येई. एका दुपारी तिने त्याला जवळ बसायला सांगितले.

“एक विचारते. खरं सांगा. तुम्हाला आठवलं होतं का?”

त्याने चुलीत एक लाकूड सारले. “मला माहीत नाही,” तो म्हणाला.

“पाण्याचं सांगताय ना?”

“पाण्याचंच.”

तिने मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ काय होता, हे ओनेसिमोने कोणाला सांगितले नाही. तिने विचारले आणि आपण असे उत्तर दिले, एवढेच त्याने आमारान्तेला सांगितले. ती नोव्हेंबरात गेली. तिच्या मुलीने शेत विकले. ओनेसिमो त्यानंतर राजधानीला एकदाच गेला आणि १९९६ च्या जानेवारीत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, वारला.

२००३ साली राज्याने कायदा केला, की पाटसंस्थेने आपल्याकडे विसाव्याला ठेवलेले पाणी अनुपयोगामुळे बुडाले असे धरले जाणार नाही. लास मोरासच्या पाटाने त्याच वर्षी आपल्या नियमांत तशी तरतूद केली, तेव्हा पाटावर पंचवीस खातेदार होते.